प्र: जुना ७५ मिमी बूट, नवं लिंक्स बाइंडिंग, आणि कोल्हापुरातला पावसाळा

टेलीमार्कचा, म्हणजे टाच मोकळी ठेवून करायच्या स्कीइंगचा, जुना ७५ मिमी बूट नव्या लिंक्स बाइंडिंगमध्ये (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जोडणारा भाग) बसेल का आणि पावसाळ्यात स्की कशी जपायची, असं विचारलंय. बूट बसणार नाही. ७५ मिमी बुटाची चोच, म्हणजे पुढे आलेला चपटा तळवा, जुन्या पद्धतीच्या बाइंडिंगच्या पुढच्या पट्टीत अडकते, तर लिंक्सला बुटाच्या टोकाशी टेक पिनांसाठी (बूट दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पिना) भोकं आणि तळव्याखाली एनटीएनची (टेलीमार्कची नवी पद्धत) 'दुसरी टाच', म्हणजे पकडीसाठीचा उंचवटा, लागतो. जुन्या बुटाला दोन्ही नाहीत. बूट स्वस्तात मिळाला म्हणून तोच ठेवायचा असेल तर टाचेमागून केबल जाणारं ७५ मिमी बाइंडिंग घ्या. गुलमर्गच्या उतारांना तेही पुरतं, फक्त चढताना जड जातं.

बाइंडिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यातून बसवून घेणार म्हणताय, हरकत नाही, तिथले हात पक्के आहेत. पण ड्रिलला ९ मिमीवर स्टॉपर लावूनच भोक पाडायला सांगा, नाहीतर बिट स्कीच्या तळातून बाहेर येतं. स्कीत धातूचा थर असेल तर ४.१ मिमी बिट, नसेल तर ३.५. स्क्रू पोझिड्राइव्ह (फुलीसारखाच दिसणारा, पण वेगळ्या टोकाचा) ३ नंबरच्या पेचकसानेच आवळा. साधा फुलीचा पेचकस डोकं खातो. भोकात थेंबभर वॉटरप्रूफ फेव्हिकॉल घाला, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

स्किन, म्हणजे चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी, कापताना दोन्ही बाजूंनी स्कीची पोलादी कड उघडी राहू द्या. ती झाकली तर कडक बर्फावर पकड सुटते.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. आपल्याकडच्या दमट हवेत स्कीच्या पोलादी कडा आठवड्यात गंजतात. स्की कोरडी पुसा, गरम वॅक्सचा (स्कीच्या मेणाचा) जाड थर तळावर आणि कडांवरही चढवा आणि हिवाळ्यापर्यंत खरवडू नका. स्किन पूर्ण वाळवून, गोंदाच्या बाजूंमध्ये जाळी घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली नको. मे महिन्यात गोंद वितळून केसांत उतरतो.