मदत हवी आहे: चिकट अल्बममध्ये अडकलेले कराचीचे फोटो आणि त्यांच्या मागची मोडी

नमस्कार मंडळी,

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे पेणकडचे. पणजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कराचीला गेले. १९४८ नंतर सगळे मुंबईत परतले आणि पुढे निम्मं घर इस्रायलला गेलं. आत्या बीरशेबाला स्थायिक झाली, तिचा मुलगा टोरांटोला. जुने फोटो तिच्याच घरी होते. आता आतेभावाने तो अल्बम ठाण्याला माझ्याकडे आणून दिला आहे.

सत्तरच्या दशकात आत्याने काळ्या कागदावरचे फोटो काढून चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिक असलेल्या अल्बममध्ये लावले. तो गोंद आता पिवळा पडलाय, फोटो घट्ट बसलेत, आणि नावगाव सगळं फोटोंच्या मागे लिहिलेलं आहे!

एकच फोटो आपोआप सुटला. कराचीच्या स्टुडिओतला लग्नाचा फोटो आहे. नवरी पांढऱ्या साडीत, बाकीच्या बायका नऊवारीत, गळ्यात मंगळसूत्र. मागे वर हिब्रूत किसलेव महिना आणि ताव, रेश, त्सादी ही तीन अक्षरं, म्हणजे ६९०. हजारांचा आकडा सहसा लिहीत नाहीत, तेव्हा यहुदी सन ५६९०, म्हणजे डिसेंबर १९२९. इथवर जमलं. खाली मात्र शाईने तीन ओळी मोडी आहे. सलग रेघेखाली अक्षरं अशी जोडलीत की शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. मला फक्त 'पेण' आणि 'वहिनी' लागलं. कोणी मोडी वाचणारं आहे का? दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन केल्यात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर लगेच पाठवते.

दुसरं, बाकीचे फोटो सोडवायचे कसे? दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा मागून सरकवा असं काहींनी सांगितलं, काहींनी हेअर ड्रायर सुचवला. पण मागच्या शाईचं काय होईल? गरम हवेने गोंद पातळ होऊन अक्षरांत मुरला तर ती नावं कायमची गेली. शाईने लिहिलेले जुने फोटो कोणी स्वतः सोडवले असतील तर नेमकं काय केलं ते कृपया सविस्तर लिहा. मुंबई-ठाण्यात असं काम करणारं जाणकार कोणी माहीत असेल तरी सांगा. तोवर मी एकाही फोटोला हात लावणार नाही, पानं आहेत तशीच स्कॅन करतेय.

आणखी एक. एका फोटोत दगडी इमारतीच्या पायऱ्यांवर बरीच माणसं उभी आहेत. मला ते कराचीचं मागेन शालोम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) वाटतं. ते १८९३ साली बांधलं आणि १९८८ मध्ये पाडलं, त्यामुळे जाऊन बघायची सोय नाही. तुमच्यापैकी कोणाचे आजी-आजोबा फाळणीआधी कराचीला असतील आणि घरी त्या इमारतीचा दर्शनी भाग दिसणारा फोटो असेल, तर ताडून बघता येईल.

आत्या अजून माणसं ओळखते. नावं वाचता आली की व्हिडिओ कॉलवर तिला एकेक चेहरा विचारायचा आहे, म्हणून मोडीची मदत आधी मिळाली तर फार बरं होईल.