एकच ईआरके, मग पेशीचे दोन निर्णय कसे?

रत्नागिरी_एमएस्सी: नमस्कार. प्रयोगशाळेत वाढवतात त्या पीसी१२ पेशींना ईजीएफ हे वाढीचं प्रथिन दिलं की त्या विभाजित होत राहतात. एनजीएफ हे दुसरं वाढीचं प्रथिन दिलं की विभाजन थांबवून चेतापेशींसारखे तंतू काढतात. आत मात्र दोन्ही वेळा ईआरके हे निरोप पोचवणारं एन्झाइमच जागं होतं. पुस्तकातल्या आकृतीत नुसते बाण आहेत. जनुकं वेगळी कशी चालू होतात? सोमवारी सेमिनार आहे, हे कोणीतरी विचारणारच.

वेंगुर्लेकर: बाणात वेळ दिसत नाही, गोम तिथेच आहे. ईजीएफने ईआरके काही मिनिटांत चढतं आणि तासाभरात बरंचसं उतरतं. एनजीएफने कित्येक तास चढलेलं राहतं. पेशी हा कालावधी मोजते, आणि मोजण्याची रीत फार देखणी आहे. सी-फॉस जनुक दोन्ही वेळा चालू होतं. आरएनए बनून प्रथिन हाती येईपर्यंत वेळ जातो. तोवर ईआरके निवलं असेल तर ते कोवळं प्रथिन लगेच मोडीत निघतं. अजून जागं असेल तर ते सी-फॉसच्या शेपटाला फॉस्फेट जोडतं, प्रथिन टिकतं आणि पुढची जनुकं चालू करतं. एवढा टप्पा फळ्यावर नीट काढलास तरी सेमिनार उभा राहील.

दापोली_बायो: म्हणजे शेवटी एकूण सिग्नल जास्त, एवढंच ना?

वेंगुर्लेकर: तेवढंच नाही हो. उसळी कितीही उंच असली, तरी सी-फॉस तयार होण्याआधी ओसरली तर उपयोग नाही. आपल्याकडे रात्री समुद्रावरून दीपगृह कोणतं ते झोतांच्या लयीवरून ओळखतात, तसंच हे. डीएनएची राखण करणारं पी५३ हे प्रथिन घ्या. गॅमा किरणांनी डीएनए तुटला की ते साधारण साडेपाच तासांच्या अंतराने उसळतं. मात्रा वाढवली की उसळ्या उंच होत नाहीत, संख्येने वाढतात. २०१२ मध्ये पर्व्हिस, लाहाव आणि सहकाऱ्यांनी पी५३ मोडू न देणारं नटलिन-३ हे रसायन ठरावीक वेळी देऊन पी५३ सलग चढतं ठेवलं. वेगळीच जनुकं चालू झाली. उसळ्यांच्या पेशी सावरल्या. सलगवाल्यांतल्या बऱ्याच कायमचं विभाजन सोडून बसल्या.

रत्नागिरी_एमएस्सी: सर, हे वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे पेशी वाटून प्रथिनं तपासायच्या चाचणीत, दिसेल का?

वेंगुर्लेकर: ईआरकेचा चढउतार दिसेल, ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांचे नमुने घे. उसळ्यांचं मात्र अवघड. पेशी हळूहळू एकमेकींशी ताल सोडतात, आणि लाखो पेशी एकत्र वाटल्या की सरासरी सपाट दिसते. एनएफ-कप्पा-बी या जनुकं चालू करणाऱ्या आणखी एका प्रथिनाची साधारण शंभर मिनिटांची आंदोलनं स्वच्छ दिसली ती जिवंत, एकेकट्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर.