मदत हवी आहे : सेल्टिक क्लब आणि अनवाणी खेळणारे मोहम्मद सलीम
नमस्कार. ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबच्या जुन्या आठवणींवर मी एक लेख लिहीत आहे आणि त्यासाठी ग्लासगो किंवा आसपास राहणाऱ्या मराठी वाचकांची मदत मला हवी आहे.

कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचे खेळाडू मोहम्मद सलीम १९३६ साली सेल्टिककडून हॅमिल्टन आणि गॅलस्टन या संघांविरुद्ध खेळले, तेही बूट न घालता, पायांना केवळ पट्ट्या बांधून. प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी त्या पट्ट्या स्वतः बांधत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पारतंत्र्याच्या त्या काळात एका नामांकित ब्रिटिश क्लबचा माणूस भारतीय खेळाडूच्या पायांशी वाकलेला पाहून मला आजही भरून येते.

'स्कॉटिश डेली एक्सप्रेस'च्या २९ ऑगस्ट १९३६ च्या अंकात सलीम यांच्या खेळाचे कौतुक छापून आले होते. ग्लासगोच्या मिचेल ग्रंथालयात जाऊन त्या पानाची, तसेच त्या आठवड्यातील स्थानिक वृत्तपत्रांमधील सामन्यांच्या वृत्तांतांची सुवाच्य प्रत कोणी मिळवून देऊ शकेल का? प्रतींचा सर्व खर्च मी आनंदाने देईन. मॅकमेनेमी यांच्याविषयीचे जुने लेख कोणाच्या संग्रही असल्यास तेही कृपया कळवावे.