प्रतिसाद: भाडेकरू राहत होता हे कौन्सिलला कसं पटवायचं

भाडेकरू न सांगता निघून गेला आणि कौन्सिल टॅक्सचं (स्थानिक पालिकेच्या, म्हणजे कौन्सिलच्या, घरावरच्या कराचं) बिल घरमालक म्हणून तुमच्या नावावर आलं, असा तुमचा प्रश्न आहे. 'तो तिथे राहत होता' एवढ्या ईमेलवर भागत नाही, कागद लागतात. हा टॅक्स कोणी भरायचा याची इंग्लंडमध्ये १९९२ च्या कायद्यातली उतरंड अशी, की घरात राहणारा भाडेकरू आधी, तिथे न राहणारा मालक सगळ्यात शेवटी. १ मे २०२६ पूर्वी करार ६ महिने किंवा जास्त ठराविक मुदतीचा असेल, तर भाडेकरू मधेच गेला तरी मुदत संपेपर्यंत बिल सहसा त्याच्याच माथी यायचं.

माझ्या वेळी नुसत्या कराराच्या प्रतीवर साहेब लोक हलेनात (पान ३ वरची सही पुसट म्हणे!). शेवटी कामी आला चावी देतानाचा मीटर रीडिंगचा कागद, तारखेसकट भाडेकरूच्या सहीचा. सोबत डिपॉझिट स्कीमचं (भाडेकरूची अनामत रक्कम सांभाळणाऱ्या योजनेचं) सर्टिफिकेट आणि भाडं जमा झालेलं बँक स्टेटमेंट जोडलं.

खोल्या वेगवेगळ्या करारांवर दिल्या असतील, म्हणजे एचएमओ (अनेक वेगळ्या भाडेकरूंचं एक घर), तर मात्र वाद घालू नका. तिथे टॅक्स मालकाचाच. तसं नसेल, तर आधी कौन्सिलकडे लेखी हरकत घ्या. २ महिन्यांत उत्तर नाही आलं तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे (असे वाद ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे) जा. तिथे फी लागत नाही.