विज्ञानावर भर देणारी आंतरराष्ट्रीय बालशाळा : निवड करताना काय पाहावे?

सांजवारा
माझी मुलगी पुढच्या महिन्यात साडेचार वर्षांची होईल. तिच्यासाठी आम्ही एका आंतरराष्ट्रीय शाळेचा विचार करत आहोत. तेथे बालवर्गापासूनच विज्ञानावर भर दिला जातो. शाळा पाहायला गेलो तेव्हा स्वतंत्र प्रयोगशाळा, मुलांच्या मापाचे पांढरे कोट आणि सूक्ष्मदर्शक पाहून मन हरखले. परंतु घरी आल्यावर शंका येऊ लागल्या. माझ्या मुलीला अजून मोजताना तेरानंतर थेट पंधरा आठवतो. एवढ्या लहान वयात विज्ञान शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे? ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाला काही ठोस अर्थ असतो का? शिवाय घरी आम्ही मराठीच बोलतो आणि शाळेत सारे इंग्रजीतून चालेल, याचीही काळजी वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दूरचा_डोंगर
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. केवळ नावावरून काहीच सिद्ध होत नाही. शाळा कोणता अभ्यासक्रम चालवते आणि त्यासाठी तिला रीतसर मान्यता आहे का, हे विचारावे. १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजेच आयबी या संस्थेचा प्राथमिक कार्यक्रम १९९७ पासून असून तो ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. ‘उमेदवार शाळा’ म्हणजे मान्यतेच्या प्रक्रियेत असलेली, अद्याप मान्यता न मिळालेली शाळा, हे लक्षात असू द्या. मान्यताप्राप्त शाळांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येते.

खडूफळा
मी गेली अनेक वर्षे पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिकवते, म्हणून पहिल्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहिते. या वयातले विज्ञान म्हणजे माहिती नव्हे. ‘काय होईल असे तुला वाटते?’ असे विचारणे, मुलाचा अंदाज चुकू देणे आणि त्या चुकीपाशी त्याला पुरेसा वेळ राहू देणे, हेच त्यातले मुख्य काम आहे.

एक उदाहरण देते. पाण्यात न विरघळणाऱ्या क्लेचा गोळा दाखवून मी वर्गाला विचारले की हा पाण्यात सोडला तर काय होईल. एक मुलगा म्हणाला, ‘बुडेल, जड आहे.’ गोळा बुडाला. मग त्याने तोच गोळा थापून चपटा केला, तरीही बुडाला. तिसऱ्यांदा त्याने कडा वर वळवल्या आणि ती वाटी तरंगली. ‘आता हलका झाला,’ तो ठामपणे म्हणाला. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही. सुरुवातीला तेवढ्याच वजनाचा केलेला दुसरा गोळा आणि एक तराजू त्याच्यापुढे ठेवला. दोन्ही पारडी सारखी राहिलेली पाहून तो बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी आल्याआल्या तो वाटीत एकेक गोटी टाकू लागला; हनुवटी टेबलाला टेकवून, डोळे पाण्याच्या पातळीला आणून, प्रत्येक गोटीसरशी वाटी किती खाली जाते ते पाहत होता. सातव्या गोटीला कडेवरून पाणी आत शिरले. उत्प्लावक बल, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलते तो जोर, हा शब्द मी उच्चारलाही नव्हता.

मोठ्यांनी घाईने दाखवून दिल्याचा तोटा संशोधनातही दिसला आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या बालकांना खेळण्याची एकच करामत शिकवून दाखवली, त्यांनी त्यातल्या उरलेल्या करामती कमी शोधल्या. म्हणून सोडा आणि व्हिनेगर फेसाळवून केलेल्या ज्वालामुखीने मला फारसा आनंद होत नाही. खरा ज्वालामुखी तसा चालत नाही, आणि मुलांच्या वाट्याला तेथे फक्त टाळ्या वाजवणे येते.

शक्य असल्यास वीस मिनिटे वर्गात बसण्याची परवानगी मागा आणि प्रश्न विचारल्यावर शिक्षिका किती वेळ थांबते ते पाहा. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणानुसार शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरे लांबत आणि त्यांत कारणेही येऊ लागत.

पाणकळा
भाषेबद्दल अनुभवाने सांगते. माझा मुलगा शाळेतून ‘डिझॉल्व्ह’ हा शब्द शिकून आला होता, पण घरी पाण्यात साखर ढवळल्यावर म्हणाला, ‘साखर गेली.’ मी त्याला पाणी चाखायला दिले. तेव्हा तो चकित झाला, आणि मग आमचे बोलणे बर्फ वितळतो पण साखर विरघळते, या फरकापर्यंत गेले. ते बोलणे त्याच्या रोजच्या भाषेतच होऊ शकले. मुलाने आपला अंदाज घरच्या भाषेत सांगितला तर चालते का, हे शाळेला जरूर विचारा. आयबीच्या शाळांना भाषाविषयक धोरण लेखी ठेवावे लागते. ते वाचायला मागा.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. लहान, शक्तिशाली चुंबक आणि बटणासारख्या बॅटऱ्या वर्गात मुलांच्या हाती येतात का, याची चौकशी करा. एकाहून अधिक चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भित्तिकांमधून एकमेकांना खेचतात आणि आतड्याला भोक पडू शकते. या वयाला मोठे, वेष्टणातले चुंबक पुरेसे असतात.

सांजवारा
सर्वांचे मनापासून आभार. आज शाळेत विचारले. पालकांना चालू वर्गात बसू देत नाहीत असे कळले. अशा वेळी काय करावे?

खडूफळा
मग मुलांच्या निरीक्षणवह्या पाहायला मागा, प्रदर्शनासाठी सजवलेल्या नव्हे, रोजच्या. बी रुजल्याची पाने उघडा. सगळ्या वह्यांत एकाच उंचीचा, दोन पानांचा, सारखाच कोंब असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे. कुणाचा वाकडा, कुणाचा अजून मातीखालीच, आणि एखाद्या पानावर ‘माझे बी उगवले नाही’ असे चित्र असेल, तर त्या शिक्षिकेला अवश्य भेटा.