ठेवलं कोणाला, सोडलं कोणाला : एनबीएच्या उन्हाळ्याचे अनुभव

मंडळी, एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, २०२५-२६ चा सीझन सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले, तरी आपली भांडणं अजून जुलैतच अडकली आहेत. म्हणून हा धागा. करार असो, ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) असो, कोचला दिलेला नारळ असो, तुम्हाला खरोखर लागलेला एक निर्णय लिहा. तुम्ही जीएम (संघ बांधणारा मॅनेजर) असतात तर काय केलं असतंत ते नको, ते आपण रोजच ऐकवतो. सुरुवात मीच करतो.

मी पुण्याचा आणि चाहता इंडियाना पेसर्सचा. याचं कारण विचारणाऱ्यांना सांगतो : ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम. पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज दोन सराव सामने खेळायला आले होते. पहिल्या दिवशी शाळकरी मुलं प्रेक्षक होती. आम्हा तिकीटवाल्यांना दुसरा दिवस मिळाला. पेसर्स जिंकले, आणि तेव्हापासून मी त्यांचा. त्या संघातले २०२५ पर्यंत दोघंच उरले होते, टी. जे. मॅककॉनेल आणि मायल्स टर्नर. टर्नर २०१५ पासून तिथेच. दर वर्षी त्याच्या ट्रेडची अफवा उठायची आणि हा आपला तिथेच. जूनमध्ये फायनलचा सातवा सामना ओक्लाहोमात हरलो, आमचा स्टार हॅलिबर्टन, त्याचं अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटलं, तेही सोसलं. पण १ जुलैला संध्याकाळी फोन बघतो तर टर्नर मिलवॉकी बक्सला! चार वर्षं, १०७ मिलियन डॉलरच्या आसपास. त्याच्यासाठी जागा करायला बक्सनी काय केलं? डेमियन लिलार्डला सोडलं आणि त्याचे उरलेले ११३ मिलियन पाच वर्षांवर पसरवले. दर वर्षी सुमारे साडेबावीस मिलियन, न खेळणाऱ्या माणसासाठी. मला टर्नरचा राग नाही. हॅलिबर्टन वर्षभर नाही तर लक्झरी टॅक्स (पगार ठराविक रकमेवर गेले की लीगला भरायचा दंड) कशाला भरा, असा हिशेब आमच्या मालकांनी केला असावा. त्या मालकांचा राग मात्र आहे.

(२०२५ ला आषाढी ६ जुलैला होती, आणि नव्या करारांवर सह्या करायची मुभाही ६ जुलैपासूनच. आमच्याकडे उपास, मिलवॉकीत पारणं.)

— पहाटेचा पेसर, पुणे

———

आमच्याकडे न्यूयॉर्कचे निक्स. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून दुसरं काय असणार! बाबा उन्हाळ्यात डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांना क्रिकेटशिवाय काही चालत नाही, असं आई म्हणायची. पण निक्सच्या जेलन ब्रन्सननं त्यांना पकडलं. 'हा पोरगा उंचीनं आपल्यातलाच वाटतो' हे त्यांचं मत. (सहा फूट दोन इंच आहे बाबा. असो.) २५ वर्षांनी निक्स कॉन्फरन्स फायनलला (लीगच्या फायनलच्या आधीच्या फेरीला) पोचले, पेसर्सकडून सहा सामन्यांत हरले, आणि ३ जूनला कोच टॉम थिबोडोला काढलं. बाबा नोकरीभर बँकेच्या युनियनमध्ये होते. त्यांना कळेचना. 'गेल्या वर्षी करार वाढवून दिला, यानं ५१ सामने जिंकून दिले, तरी काढला? कारणे दाखवा नोटीस तरी दिली का?'

पुढचा तमाशा त्याहून भारी. दुसऱ्या संघांत नोकरीवर असलेल्या कोचेसशी बोलायची परवानगी मागत निक्स दारोदार फिरले. डॅलसचा किड, ह्यूस्टनचा उडोका, मिनेसोटाचा फिंच, अटलांटाचा स्नायडर, शिकागोचा डोनोव्हन. सगळीकडून नकार. शेवटी माइक ब्राउन आला, ज्याला सॅक्रामेंटोनं डिसेंबरमध्ये काढलं होतं. माणूस चांगला आहे, मला त्याच्याविरुद्ध काही नाही. पण आधी मुलगी बघायची आणि मग घरातलं लग्न मोडायचं, एवढा क्रम तरी पाळायचा ना!

आणि ब्रन्सनबद्दल : २०२४ मध्ये त्यानं १५६.५ मिलियनचा करार केला. एक वर्ष थांबला असता तर २६९ मिळाले असते. संघासाठी एवढं सोडणारा दुसरा दाखवा.

— एडिसनची लेक

———

एडिसनताई, दाखवतो. म्हणजे दाखवत नाही, दुरुस्ती करतो. ब्रन्सन २०२८ मध्ये करारातून बाहेर पडू शकतो, तेव्हा लीगमध्ये त्याची १० वर्षं पूर्ण झालेली असतील आणि तो सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) जास्तीत जास्त टक्केवारीच्या पगाराला पात्र असेल. सोडलेल्यातला बराच भाग तिथे वसूल होईल. गुडघे टिकले तर. जोखीम त्यानं घेतली हे खरं, पण दानधर्म म्हणू नका.

ब्रन्सनचं नाव निघालं की आम्हा डॅलसवाल्यांच्या पोटात गोळा येतो. तो आमचा होता. चार वर्षांसाठी साडेपंचावन्न मिलियनमध्ये राहिला असता, आम्ही वेळेत विचारलंच नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कनं १०४ दिले. बरं, तो गेला म्हणून सगळा पैसा आमच्या स्टार लुकासाठी राहिला, असं मनाला समजावत होतो.

मग फेब्रुवारी २०२५. शनिवार रात्र, मंडळाच्या हळदीकुंकवाचा कार्यक्रम आवरून आम्ही पुरुष मंडळी खुर्च्या लावत होतो. एकाचा फोन वाजला, मग सगळ्यांचे. लुका डॉन्चिच लेकर्सला, बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ च्या ड्राफ्टचा एक पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क). सगळ्यांना वाटलं कोणाचं तरी अकाउंट हॅक झालंय. नंतर कळलं की यामागे उन्हाळ्याचाच हिशेब होता. जुलैमध्ये लुका ३४५ मिलियनच्या सुपरमॅक्सला (सगळ्यात मोठ्या कराराला) पात्र होणार होता, आणि ज्याच्या तब्येतीची खात्री नाही त्याला तेवढे द्यायचे नव्हते. ट्रेड होताच तो हक्क गेला, कारण तो फक्त मूळ संघाकडून मिळतो. ऑगस्टमध्ये लेकर्सनी तीन वर्षांचे १६५ दिले. २५ वर्षांच्या पोराचा एका रात्रीत एवढा फरक, त्याला न विचारता. खेळाडू निष्ठावान नसतात म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

मे महिन्यात १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टच्या पहिल्या नंबरची लॉटरी लागली आणि कूपर फ्लॅग मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लुकाला विकणारा जीएम निको हॅरिसन, त्यालाही घरी पाठवलं. दोन्हींनी मला बरं वाटलेलं नाही.

— फ्रिस्कोचा काका

———

डेट्रॉइटवाला हजर. थोडक्यात. जून २०२३ : कोच माँटी विल्यम्सला सहा वर्षं, ७८.५ मिलियन. सीझन : १४ विजय, ६८ पराभव, त्यात सलग २८. जून २०२४ : नारळ, पाच वर्षांचा पगार चालू. आमच्या गाडीवाल्या कंपन्यांत ले-ऑफ झाला की काही आठवड्यांचा पगार आणि एक खोका हातात देतात. एडिसनच्या बाबांना सांगा, असा करार असला की युनियन लागत नाही. पुढच्या वर्षी बिकरस्टाफ आला, बरेचसे तेच खेळाडू, ४४ विजय.

— बर्फातला मराठी, नोवी

———

इथे सगळे थिबोडोसाठी रडतायत म्हणून लिहिते. मी नागपुरात मुलींना बास्केटबॉल शिकवते. त्याचे पहिले पाच जण एकत्र जेवढी मिनिटं खेळले, तेवढी गेल्या वर्षी लीगमधली कुठलीच पंचकडी खेळली नाही. बेंचवरच्या पोराला नोव्हेंबरात चुका करू दिल्या नाहीत, तर मे महिन्यात तो कुठून उभा राहणार? काढायचं ते कारण योग्यच होतं.

पण खरं कारण ते असेल असं मला वाटत नाही. कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये धरत नाहीत. खेळाडू बदलायचा तर आता सेकंड एप्रन आडवा येतो : २०२५-२६ ला सुमारे २०८ मिलियनच्या वर गेलात की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेड करता येत नाही, बाकीही दहा अडचणी. कोचला मात्र मालक कधीही काढू शकतो, फक्त स्वतःच्या खिशातून. फिनिक्स बघा. माँटी, मग व्होगेल, मग बुडेनहोल्झर, आता ऑट. चार सीझन, चार कोच, आणि संघ बराच काळ एप्रनच्या वर बसलेला. शेवटी ब्रॅडली बीलला पैसे देऊन मोकळं केलं तेव्हा कुठे श्वास घेतला. डेन्व्हरनं तर २०२३ चा किताब जिंकून देणाऱ्या कोच मलोनला सीझनचे तीन सामने उरले असताना काढलं. किताबानंतर ब्रूस ब्राउन गेला, कॅल्डवेल-पोप गेला, हे खेळाडू मलोनमुळे गेले का? ब्राउनला इंडियानानं दोन वर्षांचे ४५ दिले. डेन्व्हरला नियमानं वर्षाला आठसुद्धा देता येत नव्हते.

— फ्री थ्रो, नागपूर

———

+१ फ्री थ्रो. बॉस्टनचंही तेच झालं. २०२४ ला जिंकलो, २०२५ ला आमच्या स्टार टेटमचं अकिलीस गेलं, आणि पगार-टॅक्स मिळून पाचशे मिलियनचं बिल दिसल्यावर हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघा खेळाडूंना निरोप. माझ्या मुलानं हॉलिडेची जर्सी वाढदिवसाला मागितली होती. आणलीही होती.

— चार्ल्सकाठ

———

गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून कोणीच नाही? मग मी. क्ले थॉम्पसन गेला ते दुःख जुनं, त्यावर नाही लिहीत. आमच्या तरुण कुमिंगाचं लिहितो, कारण आमच्या घरात त्यावरून नवरा-बायकोत अबोला झाला. बायकोचं म्हणणं, कोच स्टीव्ह कर त्याला कंटाळलाय, सोडून द्या. माझं म्हणणं, ज्याला खेळवतच नाही त्याची किंमत तुम्हीच पाडलीत.

करार संपल्यावर कुमिंगा 'रिस्ट्रिक्टेड' होता. म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : दुसरा संघ ऑफर देऊ शकतो, पण जुना संघ तेवढेच पैसे देऊन ठेवून घेऊ शकतो. त्यामुळे कोणी ऑफरच देत नाही. त्यात या उन्हाळ्यात ब्रुकलिन सोडून फारशी कोणाकडे मोकळी कॅप उरली नव्हती. कुमिंगा, शिकागोचा गिडी, ब्रुकलिनचा कॅम थॉमस, फिलीचा ग्राइम्स, चौघं सप्टेंबरपर्यंत लटकले. गिडीला १०० मिलियन मिळाले. थॉमस आणि ग्राइम्स 'क्वालिफाइंग ऑफर'वर, म्हणजे जुन्या संघानं हक्क राखायला दिलेल्या एका वर्षाच्या ऑफरवर, परतले. कुमिंगानं ३० सप्टेंबरला, मुदतीच्या आदल्या दिवशी, दोन वर्षांवर सही केली, आणि दुसऱ्या वर्षाचा हक्क संघाकडे. म्हणजे नको झाला तर सोडा, हवा असेल तर ट्रेडमध्ये वापरा. याला करार म्हणणारे इथे कोण कोण आहेत, हात वर करा. बायकोनं केलाय.

— सनीवेलचा

———

वहिनींना पाठिंबा. बचाव कुठे खेळतो तो?

— फ्रिस्कोचा काका