लाराव्हेल : चेकबॉक्सची टिक काढली तरी जुनीच नोंद कायम राहते

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार. आमच्या भागातील एका मराठी ग्रंथालयासाठी मी सभासद-नोंदणीचा फॉर्म लाराव्हेलमध्ये (पीएचपी भाषेतील वेबसाइट बनवण्याची चौकट) लिहिला आहे. त्यात ‘मोबाइलवर निरोप पाठवावेत’ असा एक चेकबॉक्स आहे आणि ‘सूचना कोणत्या भाषेत हव्यात’ याखाली मराठी, इंग्रजी व कन्नड असे तीन आहेत, कारण इकडे एकाच घरात आजी मराठी वाचतात आणि नातवंडे कन्नड शाळेत जातात. टिक केली की नोंद होते, काढली की होत नाही. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी निरोप बंद व्हावेत म्हणून तीन वेळा टिक काढून फॉर्म जतन केला आणि तिन्ही वेळा पुन्हा उघडल्यावर टिक जागेवरच होती. शिवाय मराठी व कन्नड अशा दोन भाषा निवडल्या तर डेटाबेसात फक्त कन्नड उतरते. व्हॅलिडेशनमधून (भरलेली माहिती नियमांत बसते का याची तपासणी) आलेला डेटा मी थेट अपडेटला देतो. चूक कुठे होत असावी?

उत्तर (निपाणी)

टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, आणि हा एचटीएमएलचाच नियम आहे. शून्य येत नाही, रिकामी व्हॅल्यू येत नाही, त्या फील्डचे नावसुद्धा येत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅबमध्ये पेलोड (पाठवलेला डेटा) उघडून पाहिलात तर हे लगेच दिसेल. जे नाव आलेच नाही ते व्हॅलिडेट झालेल्या डेटातही नसते, त्यामुळे अपडेट त्या रकान्याला हात लावत नाही.

चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचे, शून्य व्हॅल्यूचे हिडन (पानावर न दिसणारे) फील्ड ठेवा. टिक असेल तेव्हा दोन्ही व्हॅल्यू जातात आणि पीएचपी शेवटची धरते. म्हणून हिडन फील्ड नंतर आले तर टिक करूनही शून्यच नोंदले जाईल. चेकबॉक्सला १ ही व्हॅल्यू स्वतः द्या. ती न दिल्यास ब्राउझर ‘ऑन’ पाठवतो आणि लाराव्हेलचा ‘बूलियन’ (होय/नाही) नियम ‘ऑन’ स्वीकारत नाही. रेल्स या रुबी भाषेतील चौकटीचा हेल्पर हे हिडन फील्ड आपोआप घालतो, इथे ते आपल्यालाच लिहावे लागते.

भाषांचे कारणही तेच आहे. तिन्हींचे नाव एकच असल्याने शेवटची उरते. नावापुढे रिकामा चौकटी कंस लावा, म्हणजे निवडलेल्या सर्व व्हॅल्यूंचा अ‍ॅरे मिळेल.

उत्तर (खानापूर)

वरील उत्तर बरोबर आहे, पण मी स्वतः हा निर्णय सर्व्हरवर घेणे पसंत करतो. रिक्वेस्टची ‘बूलियन’ ही मेथड नाव आले नसेल तर फॉल्स देते आणि ‘ऑन’लाही ट्रू मानते. भाषांसाठी ‘इनपुट’ मेथडला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून रिकामा अ‍ॅरे द्या. अन्यथा तिन्ही टिका काढणाऱ्या सभासदाच्या जुन्या भाषा तशाच राहतील. मात्र उद्या एखादे मोबाइल अ‍ॅप त्याच कंट्रोलरकडे (फॉर्मची विनंती हाताळणाऱ्या कोडकडे) फक्त बदललेला पत्ता पाठवू लागले, तर त्या सभासदाचे निरोप नकळत बंद होतील. तशी शक्यता असेल तर हिडन फील्डच अधिक सुरक्षित आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सर्व्हरवरचा उपाय केला आणि दोन्ही नोंदी आता नीट होतात. एक अडचण मात्र उरली आहे: टिक काढली आणि त्याच वेळी पिनकोड चुकला, तर त्रुटी दाखवणाऱ्या फॉर्मवर टिक परत आलेली असते.

उत्तर (खानापूर)

आपण आधी भरलेली माहिती परत दाखवणाऱ्या ‘ओल्ड’ फंक्शनला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून डेटाबेसातील व्हॅल्यू दिली असणार. टिक काढल्यामुळे जुन्या इनपुटमध्ये ते नावच नाही, म्हणून फंक्शन डेटाबेसातील ‘होय’ उचलते. सभासदाच्या हे लक्षात आले नाही आणि त्याने फक्त पिनकोड दुरुस्त केला, तर त्याच्या इच्छेविरुद्ध होकार नोंदला जातो. ही चूक मला पहिल्या चुकीहून गंभीर वाटते. इथे निपाणीकरांचे हिडन फील्डच कामी येईल, कारण मग जुन्या इनपुटमध्ये शून्य असते आणि लाराव्हेल ९ पासूनचे ‘चेक्ड’ डिरेक्टिव्ह (टिक दाखवायची की नाही हे ठरवणारी टेम्पलेटमधील सूचना) टिक लावत नाही. ‘बूलियन’ मेथड तशीच राहू द्या, दोन्ही एकत्र चालतात.

प्रश्नकर्ता

हिडन फील्ड घातले आणि मुद्दाम पाच आकडी पिनकोड देऊन पाहिले. टिक काढलेलीच राहिली. यापूर्वी ज्यांनी टिक काढली होती त्यांचा नकार सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नव्हता, त्यामुळे तो आता कुठूनही शोधता येणार नाही. म्हणून ज्यांच्या नावापुढे होकार दिसतो त्या सर्वांना या आठवड्यात मी फोन करून विचारणार आहे आणि सुरुवात त्या शिक्षिकाबाईंपासून करणार आहे.